आठ किलो

७ जुलै, सोमवार

आठ किलो! आधी आठ किलो उतरवा, मग बघू, म्हणाल्या डॉक्टरीणबाई. जशी काय भाजीची पिशवी आहे, खाली ठेवली की झालं!

रक्तगट जुळतो. बीपी ठीक. साखर काठावर. पण या वजनावर किडनी काढायला कुणी हात लावणार नाही. तीन महिन्यांची मुदत. वजन उतरलं नाही तर पुढच्या तपासण्यासुद्धा नाहीत.

प्रज्ञेश शेजारीच बसला होता. चौतिशीतला माझा मुलगा, आठवड्यातून तीनदा डायलिसिस. आणि उलट मलाच म्हणतो, "आई, राहू दे गं. यादीत नाव आहे ना माझं." यादी! त्या यादीत वाट बघून बघून माणसं संपतात. निकिताचा रक्तगट जुळत नाही, सून बिचारी त्या दिवसापासून हिरमुसलेली. यांना, म्हणजे त्याच्या बाबांना, मे महिन्यातच "तपासणीत बसत नाही" म्हणून परत पाठवलं. काडीसारखा माणूस, ना शुगर ना बीपी, आणि बसत नाही! आता उरले मी. पस्तीस वर्षं सहकार खात्यात खुर्चीत बसले, रिटायर होऊन सोफ्यावर बसले. आता ऊठ म्हणे.

९ जुलै

निकिताने बूट आणले. पंजाबी ड्रेसवर पांढरे बूट — सर्कसच! कॅनॉल रोडला गेले. बायका गप्पा मारत माझ्या पुढे निघून गेल्या. माझा श्वास मलाच ऐकू येत होता. बाकावर बसले आणि बराच वेळ उठवेना. असंच चाललं तर कसं व्हायचं?

११ जुलै

कालपासून वर्षावास सुरू. विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन आणि शेवटी खीरदान. आज हिची खीर, उद्या तिची. आश्विन पौर्णिमेपर्यंत, म्हणजे तीन महिने. नेमके हेच तीन महिने!

उपवास आहे म्हणावं तर आपल्यात रोजचे उपवास कुठले? आणि खरं कारण सांगायची सोय नाही. प्रज्ञेशने बजावलंय — हिंजवडीत कंपनीत कळलं तर पहिला त्यालाच काढतील, कुणालाही बोलायचं नाही. खोटं बोलावं तर नुकतंच पंचशील म्हटलेलं असतं, खोटं बोलणार नाही म्हणून. ते म्हणून पाच मिनिटं झाली नाहीत तोवर कसं बोलू?

वाटी घेतली. अर्धी. ती वाढणारी म्हणते कशी, "एवढीशीच?" आणि वर अजून एक डाव.

१९ जुलै

म्हटलं, गोड कमी केलंय. तर आज गुळाची खीर. "तुमच्यासाठी मुद्दाम, जयाताई. साखर अजिबात नाही!"

२ ऑगस्ट

महिना होत आला. एक किलोही नाही!! काटा हलवून पाहिला, जागा बदलून पाहिला. मी काट्यावर चढले की हे उठून गॅलरीत जातात. मनाला लागलंय त्यांच्या — बाप असून उपयोग नाही म्हणून.

प्रज्ञेशचे पाय सुजलेत. त्याला दिवसभराचं पाणी मोजून आणि मला भरपूर प्या म्हणून सांगितलेलं. त्याच्यासमोर मी तांब्याला हात लावत नाही. स्वयंपाकघरात जाऊन चोरासारखी पिते.

भात बंद. बटाटा बंद. संध्याकाळचा चहा बंद. आणि खीर? खीरही बंद. उद्यापासून सरळ नाही म्हणायचं.

३ ऑगस्ट

सुचलं तेही कधी! आज आम्रपालीची खीर होती. तिच्या मिस्टरांच्या स्मृतिदिनाची. माझी वीस वर्षांची मैत्रीण. वाटी पुढे आली आणि मी हात आडवा केला. सगळ्यांदेखत.

तिने वाटी मागे घेतली. मग म्हणाली, "असू दे. पेन्शनवाल्यांना आमची खीर कशी चालेल?" बायका हसल्या. मी चप्पल घातली आणि निघाले. घरी येऊन मोरीत तोंड धुवत रडले.

११ ऑगस्ट

विहारात जात नाही. आम्रपालीचा फोन नाही. मीही केला नाही. दोनदा चालते — सकाळी आणि वाचनाच्या वेळेला. दोन किलो उतरले.

२० ऑगस्ट

पहाटे प्रज्ञेशला श्वास घेता येईना. छातीत पाणी. मी आणि निकिता त्याला धरून खाली घेऊन गेलो. हे लिफ्टपाशी उभे, हातात त्याची फाइल, आणि पायात चप्पल नाही. "अहो, चला ना!" ओरडले तेव्हा हलले.

आयसीयूत एक रात्र. वाचला. डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या, किती झालं? तीन म्हटलं. त्यांनी नुसता आकडा लिहून घेतला.

मुलगा आत नळ्यांत पडलाय आणि मी बाहेर स्वतःच्या कमरेवर चिडतेय. या चरबीने माझ्या पोराचा जीव अडवून धरलाय असं वाटलं. पोटाला चिमटा काढला, निळं होईपर्यंत. वेडेपणा!

२३ ऑगस्ट

कॅनॉल रोडच्या बाकावर बसून हुंदके देत होते. समोर कोण? आम्रपाली! भाजी घेऊन चाललेली. "खीर नाकारलीस तू माझी, आता रडायचं मी का तू?" असं म्हणत शेजारी बसली. मग सगळंच बोलून गेले. किडनी, आठ किलो, प्रज्ञेशची कंपनी, सगळं.

ती उठली. मग पिशवी उचलून म्हणाली, "बावळट आहेस. ऊठ. चालायचं ना?" साडीवर, चपलेवर, हातात मेथीच्या जुड्या, माझ्या पुढे! कुणाला सांगणार नाही, तिने शपथ घेतली.

२७ ऑगस्ट

शपथ फक्त विहारापुरती मोडली म्हणे! आज दारात चार बायका, चार डबे. डिंकाचे लाडू. मेथीचे लाडू. साजूक तूप वरून दिसतंय. "किडनी काढायची तर अंगात ताकद नको? वाळून चाललीस नुसती!" मी हसावं का कपाळ बडवावं? एकीने तर समोर बसून एक लाडू भरवलाच. डोळ्यांत पाणी तिच्या. थुंकू कशी?

मग आम्रपालीनेच सगळ्यांना सुनावलं. वजन उतरवायचंय, चढवायचं नाही! तीन डबे खाली वॉचमनकडे दिले, एक ठेवला. यांना म्हटलं, तुम्ही खा, तुम्हाला काय धाड भरलीय. त्यांनी एकाही लाडवाला हात लावला नाही.

९ सप्टेंबर

हनुमान टेकडी. वरपर्यंत! मधे तीनदा बसले, आम्रपालीने तीनदा शिव्या घातल्या. वर वारा होता. खरं लिहायचं तर दोन मिनिटं मला प्रज्ञेशची आठवणसुद्धा नव्हती. नुसतं बरं वाटत होतं. साठाव्या वर्षी कळतंय की मला पाय आहेत!

उतरताना लाज वाटली.

१६ सप्टेंबर

पाच.

२४ सप्टेंबर

सहा. सलवारीची नाडी दोनदा गुंडाळावी लागते. हे म्हणाले, "फार करतेस." मी म्हटलं, तुम्हाला जमलं नाही म्हणून मी करतेय. जीभ चावली मग. जेवण टाकून उठले ते.

५ ऑक्टोबर

उद्या वजन. आज पाण्याशिवाय काही नको असं वाटतं. निकिताने जबरदस्तीने भाकरी खायला लावली. सव्वासात झालेत घरच्या काट्यावर. पाऊण किलो! पाऊण किलोसाठी पोराचं आयुष्य?

६ ऑक्टोबर, सोमवार

झाले!! दवाखान्याच्या काट्यावर आठ पूर्ण, आणि वर थोडं! नर्सने दोनदा पाहिलं. डॉक्टरीणबाई पहिल्यांदा हसल्या. उद्यापासून पुढच्या तपासण्या. प्रज्ञेशने मला मिठी मारली. दहावीच्या निकालानंतर आजच.

संध्याकाळी विहारात गेले, पौर्णिमा होती. आम्रपालीने वाटीत एक चमचा खीर दिली. खाल्ली. काय गोड लागली!

८ ऑक्टोबर

लिहायचं नव्हतं. तरी लिहिते.

आज स्कॅन झाला. मग डॉक्टरीणबाईंनी मला एकटीला खोलीत घेतलं. प्रज्ञेश बाहेर, निकिता बाहेर. दार लावलं. "मनापासून देताय ना? घरच्यांनी गळ घातली म्हणून नाही ना?" मी म्हटलं, आई आहे मी. त्या म्हणाल्या, "तरी प्रत्येकाला एकट्याला विचारतो. नको वाटत असेल तर आत्ता सांगा. बाहेर आम्ही एवढंच सांगतो, की तपासणीत बसत नाही. कारण कुणालाही कळू देत नाही. घरात वितुष्ट नको म्हणून."

द्यायची आहे म्हणाले. सही केली. बाहेर आले. निकिता काहीतरी विचारत होती, मला ऐकूच येईना. तपासणीत बसत नाही. मे महिन्यात हेच शब्द. अगदी हेच!

घरी आले. हे टीव्हीसमोर. विचारलं त्यांनी, "काय झालं?" मी त्यांच्याकडे बघूच शकले नाही.

९ ऑक्टोबर

बोलले नाही. वाढलं, बोलले नाही. कदाचित खरंच बसत नसतील. कदाचित माझंच मन घाण. पण मग काटा? गॅलरी? लाडू?

१० ऑक्टोबर

प्रज्ञेश डायलिसिसला गेल्यावर विचारलं. हे कुंड्यांना पाणी घालत होते. "आत काय विचारलं होतं तुम्हाला?" पाण्याचा मग तसाच हातात, धार कुंडीबाहेर सांडतेय.

"भीती वाटली गं. त्या टेबलावरून उठलोच नाही तर?"

"आणि मी नाही उठले तर?"

मग म्हणाले, "त्याच रात्री तुला सांगणार होतो. धीर झाला नाही. मग तू चालायला लागलीस."

मी चालायला लागले!! म्हणजे माझं चालणं यांच्या सोयीचं! गुडघे सुजवून घेतले मी, आणि हा माणूस रोज मला बूट घालताना बघत होता! बाप आहात का कोण आहात, म्हणाले. आणखीही बोलले, ते लिहीत नाही. ते ऐकत राहिले. एका शब्दाने उलटून बोलले नाहीत, त्याचाच जास्त राग आला. प्रज्ञेशला सांगणार नाही. त्याला बाप राहू दे.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

स्कॅनचा रिपोर्ट. माझी डावी किडनी लहान आहे. जन्मापासूनच असेल. सगळं काम उजवी एकटीच ओढते. "तुमची नाही घेता येणार."

मी टेबलावर हात आपटला. मी नाही म्हणाले नव्हते! मला द्यायची आहे! तुम्ही मलाही तेच खोटं सांगताय! बाहेर ऐकू गेलं असेल, जाऊ दे. बाईंनी स्क्रीन माझ्याकडे फिरवली. एक काळी, एक फिकी. एवढीशी. मलाही कळलं.

आठ किलो! काय करू आता या आठ किलोंचं?

प्रज्ञेश म्हणाला, "आई, तू केलंस तेवढं कुणी करत नाही." निकिता भिंतीकडे तोंड करून उभी. रात्री जेवताना मी सगळ्यांसमोर सांगितलं, माझी चालत नाही. यांनी मान वर केली. मी थेट त्यांच्या डोळ्यांत बघितलं. चार दिवसांपूर्वी सगळं बोलून झालंय.

१५ ऑक्टोबर

उठले तर हे घरात नाहीत. आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून गेलेत. फोन लावला. मागे लोकांचा आवाज, नर्स कुणाचं तरी नाव पुकारत होती.

"दवाखान्यात आहे."

"थांबा तिथेच, मी येते."

"नको येऊस," म्हणाले. "आत एकट्यालाच बोलवतात."