भुरीची हकीगत

दिनांक ९, सोमवार, दुपार

चि. धाकटीस,

तू खुशाल असशील. माझं बरं चाललं आहे. डावा गुडघा कुरकुर करतो, पण त्याला दुसरं काम काय. नळ गळायचा थांबला. वरच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाई तुझी चौकशी करतात. पत्र पोचायला किती दिवस लागतील असं पोस्टात दोनदा विचारलं. चार, असं कारकून दोन्ही वेळा म्हणाला, दुसऱ्या वेळी जरा चिडून. म्हणजे शुक्रवारी तुझ्या हाती पडेल. रविवारी भुरीला न्यायला निघण्याआधी तू हे वाचायला हवंस, म्हणून फोन न करता लिहितो आहे. फोनवर तू मध्येच हसतेस आणि माझं राहून जातं.

नोकरीवर जाताना तू कपाटावर कागद चिकटवून गेलीस, तो मी नऊ महिने रोज वाचला. पाणी दोनदा बदललं. खाणं वाटीने मोजून, सकाळ-संध्याकाळ. दूध नाही म्हणजे नाही. आधी मला वाटलं होतं, मांजर आणि दूध नाही, हे काय नवीन खूळ. तरी दिलं नाही. तिची मातीची पेटी रोज सकाळी चहाच्या आधी साफ केली. खिडकीची जाळी ओढून बघितल्याशिवाय बाहेर पडलो नाही. जंताची गोळी द्यायला मी आणि मास्तरीणबाई दोघं लागलो. बाईंना ओरखडा आला, मला दोन आले. गोळी कोचाखाली सापडली. दुसऱ्या दिवशी खाण्यात कुस्करून दिली. हे सगळं लिहितो ते फुशारकी म्हणून नाही. मी केलं एवढं तुला माहीत असावं.

कागदावर खाली तू दोन रेघा मारून लिहिलं होतंस, सुई, दोरा, रबर कुलपात ठेवणे. खरं सांगू, मला राग आला होता. पन्नास वर्षं कपडे शिवणाऱ्या माणसाला दोरा कुठे ठेवायचा ते शिकवतेस. तरी मशीनवर झाकण घातलं आणि रिळांच्या डब्याला कुलूप लावलं.

गेल्या मंगळवारी मास्तरीणबाईंनी पडदे आणून दिले, खालची पट्टी दुमडून शिवायला. किती दिवसांनी कोणी काम दिलं. मी मशीनला तेल घातलं, निळं रीळ लावलं. मध्येच दूधवाल्याने बेल वाजवली, म्हणून उठलो. त्याच्याशी उगाच बोलत बसलो, काम आलंय म्हणून सांगत होतो. परत आलो तर रीळ जमिनीवर आणि भुरी खुर्चीखाली. दोरा थोडा उलगडलेला वाटला. गुंडाळून ठेवला. किती गेला ते बघितलं नाही.

बुधवारी तिने ओकलं. गुरुवारी खाल्लं नाही, पलंगाखाली जाऊन बसली. एक दिवस खाल्लं नाही तर डॉक्टरांकडे नेणे, हेही तुझ्या कागदावर होतं. मी म्हटलं, रुसली असेल.

शुक्रवारी दुपारी तिच्या शेपटीखाली दोरा लोंबताना दिसला. चार बोटं असेल. निळा.

धाकटे, लोंबता दोरा दिसला की माझा हात जातो. गिऱ्हाइकाच्या बाहीवर दिसला तरी जातो, बसमध्ये अनोळखी माणसाच्या कॉलरवर जातो. तू लहानपणी हसायचीस. विचार केलाच नाही. धरला आणि ओढला. ती असं ओरडली की मी तिच्या तोंडून तसा आवाज कधी ऐकला नव्हता. वीतभर आला आणि तुटला. तो मी खिशात टाकला.

तिला पिशवीत घालून मी संध्याकाळी दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाईंनी पोट दाबून बघितलं आणि विचारलं, "बाबा, हिने काही गिळलंय का? दोरा, सुतळी?"

मी म्हटलं, "छे. आमच्याकडे सगळं कुलपात असतं."

खिशात हात घालून म्हटलं. का म्हटलं ते मलाही सांगता येत नाही. लाज वाटली. शिंप्याचं घर, आणि तू दोन रेघा मारलेल्या. त्यांनी सलाईन लावलं, सकाळी पोटाचा फोटो काढून बघू म्हणाल्या. शनिवारी सकाळी पोट उघडलं. आतडं दोऱ्यावर चुणीसारखं गोळा झालं होतं आणि जागोजाग कापलं गेलं होतं. दुपारी भुरी गेली. मी तिथेच होतो, पण तिला शुद्ध नव्हती. मी होतो हे तिला कळलं नसेल.

काल तू फोन केलास. नवी खोली मिळाली, खिडकीला जाळी बसवून घेतली, तिच्यासाठी टोपली आणली, सांगत होतीस. मग म्हणालीस, फोन तिच्या कानाशी धरा. मी खुर्चीपुढे धरला. खुर्चीत कोणी नव्हतं. तू बोलत राहिलीस आणि मी धरून उभा राहिलो.

आज सकाळी दवाखाना उघडायच्या आधी जाऊन पायरीवर बसलो. डॉक्टरीणबाई आल्यावर त्यांना सांगितलं, दोरा होता, मी ओढला, आणि तुम्ही विचारलंत तेव्हा खोटं बोललो. मी विचारलं, खरं सांगितलं असतं तर वाचली असती का. त्या म्हणाल्या, "दोरा ओढायचा नसतो, तसाच ठेवून आणायचं असतं. पण तेव्हा तरी सांगितलं असतंत तर त्याच संध्याकाळी पोट उघडलं असतं. वाचली असती असं म्हणत नाही. वाचू शकली असती."

त्यांचे शब्द जसेच्या तसे लिहिले आहेत. त्यात माझ्या बाजूने काही शिवलं नाही.

रविवारी यायचं की नाही ते तू ठरव. आलीस तर मला बोल, हवं तितकं बोल, मध्ये तोंड उघडणार नाही. नाही आलीस तरी समजेन. पण फोन बंद करू नकोस, एवढं म्हाताऱ्याचं ऐक.

लेकीला पत्राच्या शेवटी आशीर्वाद लिहायचे आणि लोभ मोठ्यांकडे मागायचा, असं चौथीपर्यंतच्या शाळेत शिकवलं होतं. आज मी उलटं लिहितो.

लोभ असावा.

तुझे बाबा