जानेवारीतली चिठ्ठी

६ ऑगस्ट १९९६

नववी 'ब'चा तास अर्ध्यावर सोडला. आवाज आधी फाटतो, मग येतच नाही. पोरी हसल्या. स्टाफरूममध्ये निर्मला म्हणाली, "सुमनक्का, खडीसाखर चघळून तीन आठवडे झाले. आता कुणाला तरी दाखव." जयनगरला तिच्या माहितीतल्या एक सर्जनबाई आहेत, डॉ. शारदा.

मला अवघड वाटतं. डॉक्टरकाकांखेरीज आजवर कुणाला नाडी दाखवली नाही. ते माझ्या वडिलांचे, अप्पांचे दोस्त. घरातल्या तीन पिढ्यांचं खोकला-पडसं त्यांनीच पाहिलं. सगळ्यांना एकच कारण पुरे : त्यांच्याशी मराठीत बोलता येतं. खरं तर माझं कन्नड माझ्या मराठीपेक्षा बरं आहे.

८ ऑगस्ट

निर्मलाच्या हट्टाने गेले. शारदाबाईंनी गळ्यावर बोटं ठेवून "गिळा" म्हटलं. परत "गिळा".

"ही गाठ कधीपासूनची?"

गाठ?

सांगितलं की जानेवारीत खोकल्यासाठी गेले होते तेव्हा आमच्या डॉक्टरांनीही असाच गळा चाचपला होता. म्हणाले होते, थायरॉईड स्वल्प सुस्त आहे, ही गोळी घे. बाई म्हणाल्या, "त्यांचे कागद आणा." आणि घड्याळाकडे पाहिलं. मला दोनदा सुनंदा म्हणाल्या.

दरवर्षी नववीला ग्रंथी शिकवते. फळ्यावर गळ्याची आकृती काढते. आरशात स्वतःचा गळा पाहिला तो आज. कुणाला दोष द्यायच्या आधी हे लिहून ठेवते.

१० ऑगस्ट

शाळेतून थेट दवाखान्यात. डॉ.का. व्हिजिटला गेलेले. कंपाउंडर रामण्णा बाटल्या पुसत होता. म्हटलं, माझे जानेवारीचे कागद हवेत. तो अगदी सहज म्हणाला, "चीटी यजमानरिगे कोट्टाय्तल्ला अम्मा, जनवरीनल्ले."

चिठ्ठी यजमानांना दिली की. जानेवारीतच.

मी "सरी" म्हणून बाहेर आले. रस्ता ओलांडला. परत ओलांडला.

सहाला हे बोम्मसंद्र्याहून कंपनीच्या बसने आले. चहा दिला आणि विचारलं. आधी म्हणाले, कसली चिठ्ठी? मग उठले आणि कपाटातून लेकीच्या, वैशूच्या लग्नाची फाईल काढली. आचाऱ्याची यादी, मंडपवाल्याची पावती, त्यांच्या मध्ये लिफाफा. इंग्रजीत, एका सर्जनच्या नावाने. गाठ कडक लागते, लवकरात लवकर सुईने तपासणी करावी. खाली डॉ.का.ची सही. मी ओळखते ती, शाळेच्या रजेच्या दाखल्यांवरून.

"मेमध्ये लग्न होतं, सुमन. तू हाय खाल्ली असतीस. तिकडच्यांच्या कानावर गेलं असतं तर?"

"आणि मेनंतर?"

"रोज सांगणार होतो."

११ ऑगस्ट

रविवार. वैशूच्या लग्नाचा अल्बम काढून बसले.

प्रत्येक फोटोत माझ्या गळ्यात ठुशी. अगदी गळ्यालगत, मण्यांची दाट. ह्यांनी स्वतः जाऊन आणली होती. तेवीस वर्षांत माझ्यासाठी स्वतःच्या पसंतीने आणलेला पहिला दागिना. निर्मलाला किती कौतुकाने दाखवली होती मी. मुहूर्ताच्या सकाळी मी मोहनमाळ घालणार होते, तर म्हणाले, "नको, ठुशीच घाल. आणि काढू नकोस."

अल्बम त्यांच्यासमोर ठेवला. "झाकायला आणली होती?"

"काहीतरीच काय विचारतेस!" आणि मोटर बंद करायला गेले.

मोटर चालू नव्हतीच.

मी अन्याय करते आहे का? कदाचित दोन्ही असेल. छान दिसते म्हणूनही, आणि. पण आता मला कोण सांगणार.

१३ ऑगस्ट

डॉ.का.कडे गेले. उठून उभे राहिले ते. सत्तरी उलटलेला माणूस माझ्यासाठी उभा राहिला, त्याने मी निम्मी ढिली पडले. म्हटलं, "काका, गळा माझा होता."

"मी त्याला आठवड्यात घेऊन जा म्हटलं होतं. तो म्हणाला, लग्न होऊ दे. त्यानंतर दोनदा फोन केला त्याला."

"मला का नाही केला? मी रोज घरी असते चारनंतर."

त्यांनी स्टेथोस्कोपची नळी गुंडाळली. मग म्हणाले, "पोरी, घरातल्या एकाला सांगायचं आणि बाकीच्यांना सांभाळायचं, हीच रीत पाळली मी. अप्पांच्या वेळी याच खुर्चीत बसून तू काय म्हणाली होतीस?"

मी आठवत नाही म्हणाले. खोटं. शब्द न् शब्द आठवतो. 'काका, अप्पांना काही कळू देऊ नका. विचारलं तर अल्सर सांगा.'

त्यांनी अल्सर सांगितलं. अप्पा म्हणत राहिले, पोट स्वल्प बरं झालं की तंजावरला जाऊन अक्काला भेटून येतो. मी म्हणत राहिले, हो अप्पा, बरे व्हा, मग जाऊ. धाकटी असून सगळं निभावलं म्हणून नातेवाइकांनी पाठ थोपटली माझी. आत्या तिकडे वाट बघत राहिली.

दवाखान्यातून निघताना पाया पडायला वाकले, सवयीने. अर्ध्यात थांबले. त्यांनी ते पाहिलं.

२० ऑगस्ट

सुईची तपासणी झाली. ह्यांना घेतलं नाही, एकटी गेले. शारदाबाई म्हणाल्या, "बाहेर कोणी आहे?" नाही म्हटलं. "बरं. मग तुम्हालाच सांगते."

सांगितलं. पेशी संशयास्पद आहेत. गाठ काढायची, ती तपासल्यावरच खरं कळेल. आवाजाची नस अगदी लगत जाते. "मी जपेन. वचन देत नाही." विचारलं, या सात महिन्यांनी काही बिघडलं का? "माहीत नाही. कुणी छातीठोक सांगितलं तर विश्वास ठेवू नका."

या वेळीही सुनंदाच म्हणाल्या. दुरुस्त केलं नाही. घरी येताना बसमध्ये तेच डोक्यात. एकाला माझी पत्रिकासुद्धा पाठ आहे, आणि या बाईला माझं नाव येत नाही. गळा कुणाच्या हातात द्यायचा? शारदाबाई चांगल्या सर्जन आहेत की मला फक्त डॉ.का. नसलेलं कुणीतरी हवं आहे? रागावून डॉक्टर निवडू नये. निर्मलाला विचारून त्यांच्या दोन पेशंटना भेटायचं ठरवलं.

२८ ऑगस्ट

भेटले. एकीचा आवाज छान. दुसरीचा सहा महिने बसला होता, आता आला आहे. तीही म्हणाली, "बाई गोड बोलत नाहीत, पण चुकवत नाहीत." ठरलं.

तारीख १२ सप्टेंबर. हे म्हणाले, "त्यानंतर चार दिवसांवर सण. गौरी येऊन जाऊ देत, मग…" आमटी वाढून घेतली. भात विसरले.

८ सप्टेंबर

हुबळीहून वैशूचा फोन. तिसरा महिना लागला आहे, ओकाऱ्या थांबत नाहीत. "आई, आवाज का असा?"

"सर्दी गं."

फोन ठेवला.

११ सप्टेंबर

हॉस्पिटलचा फॉर्म भरायला बसले. सकाळी आठला द्यायचा. एक रकाना : 'माहिती कोणाला द्यावी'. परवा तिथे माझंच नाव लिहिलं, तर सिस्टर हसली. "अम्मा, तुम्ही झोपलेल्या असणार ना!" आणि कोरा फॉर्म दिला.

हे दारात उभे राहून पाहत होते. "माझं लिही," म्हणाले. "या वेळी मी…" वाक्य पुरं करायला मी मदत केली नाही.

पेन्सिलीने वैशूचं नाव लिहिलं आहे. म्हणजे आठच्या आत हुबळीला फोन लावायला हवा, आणि सर्दी म्हणता येणार नाही.

ह्यांनी वाचलं. "या दिवसांत तिला कशाला?"

अगदी माझाच सूर. अप्पांच्या वेळचा.

पेन्सिलीवर गिरवायला पेन शोधते आहे.