बाबांना वाचून दाखवलेली पुस्तकं

रविवार, ४ मार्च

प्रिय ताई,

कशी आहेस? बाळ झोपू देतं का? फोटोत नाक अगदी तुझं दिसतंय. रागानं फुगणारं नसलं म्हणजे मिळवली!

परवा तू फोनवर म्हणालीस, "हल्ली पुस्तकं वाचतेस म्हणे!" भावजींनी सांगितलं वाटतं. खरं आहे. शाळेत धडा उघडला की पेंगणारी मी, शिलाई मशीन बंद ठेवून पुस्तकं वाचत होते. दवाखान्यात दाराशी एक कपाट होतं, आधीच्या पेशंटांनी मागं ठेवलेल्या पुस्तकांचं.

हो, दवाखान्यात. बाबांचा खोकला मी तुला सांगितला तेवढा साधा नव्हता. सगळं सांगते, पण सावकाश सांगू दे.

आधी रहस्यकथा घेतली. दहाव्या पानावर बाबा म्हणाले, "डॉक्टरच खुनी. फार गोड बोलतोय." नेमके आपले डॉक्टर समोर उभे! शेवटी खुनी निघाला माळी. बाबांनी लेखकालाच वेड्यात काढलं.

भुताच्या गोष्टीला मी घाबरले, बाबा घोरायला लागले. शेजारच्या खाटेवरच्या काकांनी चादरीतून डोकं काढलं, "थांबू नका हो, पुढं काय झालं?"

प्रेमाची कादंबरी मात्र बाबांना सोसली नाही. पानंच्या पानं नुसता गैरसमज. म्हणाले, "आमच्या कारखान्यात लेथ मशीन बिघडलं की थांबवून उघडून बघायचो. ही दोघं समोरासमोर बसून बोलत का नाहीत?" मी मान वर केली नाही. थोड्या वेळापूर्वीच तुला फोनवर सांगितलं होतं, "बाबा झोपलेत."

कविता आम्हा दोघांनाही कळल्या नाहीत. तरी एक त्यांनी पुन्हा वाचायला लावली. का, ते मी विचारलं नाही.

सगळ्यात आवडलं ते प्रवासवर्णन. एक बाई एकटीच बर्फाचे डोंगर चालत पार करते. "हळू वाच," म्हणायचे, "पोचायची घाई नाही."

त्या दुपारी ती बाई नदी ओलांडत होती. बाबा मध्ये काही बोलेनात. मला वाटलं, रमलेत. मी वाचत राहिले. नर्सनं खांद्यावर हात ठेवला, "बाई, राहू द्या आता." तरी मी ते पान संपवलं, ताई. मोठ्यांदा, वेड लागल्यासारखं.

गेल्या महिन्यात आपले बाबा गेले.

तुझा रक्तदाब वाढलाय कळल्यापासून त्यांचा एकच धोशा होता, "तिची सुखरूप सुटका होईपर्यंत एक अक्षर बोलायचं नाही. घे शपथ." मी घेतली. त्यांच्या शब्दासाठी तुझी शेवटची भेट हिरावली. बरोबर केलं की चूक, मला अजून ठरवता येत नाही. भावजींना सगळं ठाऊक आहे. त्यांना जवळ बसवून घे.

चीड, ओरड, वाटलं तर बोलू नकोस माझ्याशी. फक्त फोनवर "बाबा कसे आहेत?" असं विचारू नकोस. इतके दिवस उत्तर देत आले. आता नाही जमायचं.

तुझी, आणि आता फक्त तुझीच,
धाकटी