घरचा पेशंट

प्रिय ठोंब्या,

आईकडे त्या रविवारी ताटावरून उठून गेलास, तेव्हापासून तुझा फोन नाही आणि माझा फोन तू उचलत नाहीस. आई मला सकाळ-संध्याकाळ ऐकवते, की एवढ्याशा गोष्टीवरून भावाला दुखावलंस. एवढीशी गोष्ट! तुझ्या लेकीच्या डोक्याचा स्कॅन पुन्हा काढायचा की नाही ही गोष्ट जर एवढीशी, तर मोठी कोणती, तुमच्या सोफ्याच्या कापडाचा रंग? काल आमच्या स्कॅनच्या खोलीतल्या मास्तरांनी मला अगदी हसतमुखाने सांगितलं, की सोमवारी सकाळी चिमीला पहिला नंबर दिलाय. म्हणजे मला वगळून तू परस्पर त्यांना गाठलंस. तर बाबा रे, चिडायचं ते वाचून झाल्यावर चीड, पण आधी शेवटपर्यंत वाच. फोनवर तू मला मधेच तोडतोस, कागदाला तसं तोडता येत नाही.

चिमी सायकलवरून पडली तेव्हा मी आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी रजेवर होते. तिला गाडीत उलट्या झाल्या, ती गुंगीत असल्यासारखं करायला लागली, म्हणून मुलांच्या डॉक्टरीणबाईंनी डोक्याचा सीटी स्कॅन लिहून दिला. तो बरोबरच होता. मी असते तरी तो काढलाच असता, आणि पुन्हा तशी वेळ आली तर तुझ्या आधी मी तिला उचलून मशीनवर निजवीन. हे पक्कं लक्षात ठेव, नाहीतर सगळ्यांना सांगत सुटशील की ताई जिथे नोकरी करते त्या मशीनलाच घाबरते. पण आता तिचं डोकं कधीतरी दुखतं, तेही शाळेतून आल्यावर. बाईंनी तिला तपासून सांगितलं की स्कॅनची गरज नाही, थोडं थांबू, आणि एकदा डोळे दाखवून घ्या. तुला ते पटलं नाही. तू तुझ्या क्रिकेटवाल्या डॉक्टर मित्राकडून स्कॅनची चिठ्ठी आणलीस. डॉक्टर असेल तो, पण गुडघ्यांचा आहे रे!

तुझं हे वेड तसं जुनंच. तू जिन्यावरून पडून मनगट मोडून घेतलंस, त्याचा एक्स-रे बाबांनी स्वयंपाकघराच्या खिडकीला चिकटवला होता, आठवतंय? तू येणाऱ्या-जाणाऱ्याला हात धरून दाखवायला न्यायचास, हे माझं भूत म्हणून. प्लॅस्टर निघालं तरी फिल्म काही निघेना, शेवटी आईने ती कपाटावर टाकली तर तू जेवायचा नाहीस. मला मात्र त्या दिवसाचं दुसरंच काही आठवतं. त्या एक्स-रेवाल्या काकांनी बाबांच्या अंगावर जड एप्रन चढवला आणि मला दंडाला धरून बाहेर काढलं. मी रडून गोंधळ घातला, तर म्हणाले, तुझा फोटो काढायचा नाहीये ना, मग तू इथे कशाला? इतकं साधं वाक्य. गरज नसेल तर त्या खोलीत उभंसुद्धा राहायचं नाही. पुढे मी याच कामात शिरले, आणि एवढी वर्षं तेच एक वाक्य लोकांच्या कानीकपाळी ओरडतेय. पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय.

आता जरा आमच्या खोलीतलं ऐक. मशीन आतल्या खोलीत, आम्ही काचेच्या अलीकडे. आत एवढा गारठा, की उन्हाळ्यातही पेशंटला पांघरूण द्यावं लागतं. एक्स-रेचे किरण कमी सोडले तर चित्र थोडं रवाळ येतं, जास्त सोडले तर काचेसारखं स्वच्छ. मुलांसाठी मशीनमध्ये वेगळं, कमी मापाचं सेटिंग असतं. त्यात चित्र जरासं रवाळ दिसतं, पण जे बघायचं ते सगळं दिसतं. तरी आमच्या मोठ्या डॉक्टरांना ते खपत नाही. सही करताना नाक मुरडतात, वाळू पसरलीय की काय म्हणतात. मग मशीन चालवणारी आमची पोरं घाबरतात आणि माप चढवतात. जास्त किरण सोडले म्हणून आजवर कुणी बोलणी खाल्ली नाहीत, कारण चित्र सुंदर येतं. ज्या चुकीचं कौतुक होतं ती चूक कोण सुधारणार, सांग बरं!

आणि यावर कळस म्हणजे आमचा 'घरचा पेशंट'. तुला हा शब्द भारी आवडतो, माहीत आहे मला. दाराशी 'घरचा आहे' एवढं म्हटलं की रांग बाजूला होते, बसायला खुर्ची येते, मास्तर स्वतः उठून पुढे होतात. मास्तर म्हणजे देवमाणूस, यात वादच नाही. आम्हा सगळ्यांना हे काम त्यांनी हाताला धरून शिकवलं. मुलांसाठी खणात गोळ्या ठेवतात, म्हाताऱ्यांच्या चपला स्वतः सरळ करून ठेवतात. पण घरचा पेशंट आला की त्यांना वाटतं, आपल्या माणसाला हात आखडता का घ्यायचा? मग चित्र एकदम झकास यावं म्हणून माप वर, आणि आलाच आहे तर छातीही बघू, पोटही बघू. पोट भरलं म्हणून हात आडवा धरला तरी वाढतच राहणारी मावशी असते ना, तसं. फरक एवढाच, की जास्तीचा घास दुसऱ्या दिवशी पचून जातो. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं म्हणतात, पण आमच्याकडे कार्टं बिचारं रांगेत बसून लिहून दिलेला तेवढाच स्कॅन काढून सुखाने घरी जातं, आणि भोगायचं ते बाब्याने.

आता तुझ्या लक्षात यायला लागलं असेल, मी कुठे चाललेय ते. रजेवरून आले त्या सकाळी मास्तरांनी मला खुर्चीवर बसवलं आणि चिमीची चित्रं उघडून दाखवली. तोंडभर आनंद. म्हणाले, तुझी भाची म्हणजे माझी नात, असं काढलंय की बघत राहावं. मी बघत राहिले खरी. डोकं होतंच, त्याखाली मान होती, छाती होती, पोट होतं. बाईंनी फक्त डोकं लिहिलं होतं. आणि कोपऱ्यात मशीन आपण होऊन जो आकडा दाखवतं, किती किरण गेले त्याचा, तो बघून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सगळं मोठ्या माणसाच्या मापाने. तुझ्यामाझ्यासारख्या धष्टपुष्ट माणसाला लावतात ते माप, आणि मशीनवर कोण, तर मांडीवर घेतली तर अजून मावते ती पोरगी. तू ती चित्रं मोबाईलमध्ये घालून ऑफिसभर मिरवलीस. आमच्या चिमीचं काय क्लिअर आलंय बघा! क्लिअर येणारच रे ठोंब्या.

आता हातपाय गाळून बसू नकोस. तिला यातून काही होईलच असं अजिबात नाही. धोका लहान आहे, बहुधा काहीच होणार नाही, आणि जे होऊन गेलं ते काढून घेता येत नाही. पण लहान मुलांच्या शरीराला हे मोठ्यांपेक्षा जास्त बाधतं, त्यांचं आयुष्यही अख्खं पुढे पडलेलं असतं, आणि प्रत्येक स्कॅनने तो धोका थोडा थोडा वाढत जातो. दुखण्याचा शोध घेण्यासाठी धोका पत्करला तर त्याला अर्थ आहे. प्रेमापोटी, हौसेपोटी, ओळख आहे म्हणून पत्करला तर तो निव्वळ मूर्खपणा. हेच मी तुला त्या रविवारी सांगणार होते. मी 'नाही' म्हटलं, पुढे 'कारण' म्हणायला तोंड उघडलं, तोवर तू सगळ्यांसमोर म्हणालास, "परक्यांच्या पोरांसाठी मशीन चालू असतं, आणि माझ्या पोरीसाठी तुझा हात जड होतो?" आणि उठलास. आईचा चेहरा उतरला, तुझी बायको मान खाली घालून भात चिवडत बसली, आणि मी तुझं ताट उचललं. माझा हात जड होतो म्हणे! घरात दुसरं मूल नाही म्हणून त्या एकटीवर जीव टाकणारी आत्या मी, आणि मला हे ऐकवतोस? फार लागलं मला ते. अजून लागतंय.

तू गेल्यावर चिमी माझ्याजवळ येऊन बसली. किती वाजले विचारलं, तर उठून भिंतीपाशी गेली आणि मान वर करून घड्याळ बघून आली. मी डोळ्यांची डॉक्टर नाही, तेव्हा उंटावरून शहाणपण शिकवत नाही. पण बाईंनी सांगितलेलं ते साधं काम तू अजून केलेलं नाहीस, एवढं मला ठाऊक आहे.

मास्तरांशी मी बोलले. आधी समजुतीने बोलले, मग जरा चढ्या आवाजात. ते दुखावले. म्हणाले, "मी तिच्यासाठी जीव ओतला, आणि तू मला गुन्हेगार ठरवतेस?" त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं रे, मलाच कसंतरी झालं. मग मोठ्या डॉक्टरांकडे गेले. मुलांचं माप कायम लावा, लिहून दिलेला भाग सोडून दुसरं काही काढू नका, आणि हा घरचा-परका प्रकार बंद करा, एवढंच मागितलं. ते म्हणाले, रिपोर्ट नॉर्मल आहे ना, मग बिघडलं कुठे? शिवाय तक्रार पेशंटच्या घरच्यांनी करायची असते, नोकरीवरच्या माणसाने नाही. आता मला सांग, मेहेरबानीची तक्रार करायला कोण येणार? लोक तर पेढ्यांचा पुडा घेऊन येतात! तूही आला होतास. खोलीतली पोरं आता मला बघितलं की गप्प होतात. खाल्ल्या घरचे वासे मोजणारी म्हणतात मला, कानावर येतं माझ्या. आणि मी तोंड फोडून घेतल्यावरही तेच मशीन, तेच माप, आणि सोमवारी पहिल्या नंबरला पुन्हा माझीच भाची. कधी कधी वाटतं, दारातल्या त्या किरणांपासून सावध करणाऱ्या पिवळ्या पाटीवर डोकं आपटावं.

आता हे सगळं लिहून का काढलं ते सांगते. तुझ्या दारात येऊन बसले असते, तर तू किती वेळ आत घेतलं नसतंस? आईने मधे पडून दार उघडायला लावलंच असतं. पण मोठ्या डॉक्टरांच्या खोलीतून निघताना त्यांनी मला मागे बोलावलं आणि बजावलं, "भावाशी तोंडी काय बोलायचं ते बोला, लेखी काही देऊ नका." म्हणून लेखी देतेय. चिमीचा लिहून दिला होता फक्त डोक्याचा स्कॅन, काढला मानेचा, छातीचा आणि पोटाचाही, तोही मोठ्यांच्या मापाने, आणि हे तुला कुणी सांगितलं नाही. हे मी, तिची आत्या आणि त्याच खोलीत काम करणारी बाई, माझ्या हाताने लिहून देतेय. याने माझी नोकरी अडचणीत येईल, मास्तर मला जन्मात माफ करणार नाहीत, आणि तूही लगेच करशील असं नाही. तरी सोमवारचा नंबर मोडू नकोस. चिमीला शाळेत सोड आणि हे पत्र घेऊन तक्रार द्यायला तू एकटा ये. दाराशी 'घरचा आहे' म्हण, तुला थेट आत सोडतील. मी आतच असेन.

तुझ्यावर चिडलेली आणि तरीही तुझीच,
ताई