पूर्व दरवाज्याबाहेरची माणसे

प्रति,
मा. दुर्गाधिकारी,
सेनापती मेंग युआनझाओ यांचे ठाणे,
युनकान नगर.

विषय: माझ्या पत्नीस तटाच्या आत घेणेबाबत, ते शक्य नसल्यास मला पूर्व दरवाज्यावरून आजच हटवणेबाबत.

संदर्भ: लढाईस निरुपयोगी माणसे नगराबाहेर काढण्याचा आपला हुकूम, चालू महिन्याचा पाचवा दिवस.

महोदय,

मी तान यीशेंग, पूर्व दरवाज्याचा द्वारपाल. नोकरीस सोळा वर्षे झाली. सेनापती ची बाओरोंग यांच्या फौजेने नगराला वेढा घालून आज एकशे बारा दिवस झाले. सम्राट राजधानी सोडून गेल्यापासून दोन्ही सेनापती सम्राटांच्याच नावाने लढत आहेत. त्यांत खरे कोण, हे ठरवणे माझ्या कामात येत नाही. माझे काम दरवाजा.

माझी पत्नी लुओ सुईनियांग सैनिकांची कापूस भरलेली चिलखते शिवत असे. गेल्या महिन्यात तटावर उकळते तेल पोचवताना तिचा उजवा हात भाजला. आपल्या कारकुनाने तिला निरुपयोगी माणसांच्या यादीत घातले. मी गयावया केली तेव्हा तो म्हणाला, "हात बरा झाला की नाव खोडू." दुसऱ्या दिवशी हुकूम आला. त्रेचाळीस माणसे बाहेर काढली. दरवाजा मीच उघडला आणि मीच लावला. जाताना ती एवढेच म्हणाली, "अडसर नीट घाला."

शत्रूने त्यांना खंदक ओलांडू दिला नाही. पलीकडून ओरडून सांगितले, "तुमची तोंडं तुम्हीच पोसा." तेव्हापासून ती माणसे तट आणि खंदक यांमधल्या चिखलात बसून आहेत. आज पाचवा दिवस. काल मोजली तेव्हा एकोणतीस हलत होती.

पश्चिम तटावरून आपले हेर टोपलीतून खाली सोडतात, तसे तिला वर ओढून घ्यावे, असा तोंडी अर्ज मी केला. एकीला घेतले तर बाकीचे दोराला लोंबकळतील, असे उत्तर मिळाले. ते खरे आहे, हे मी नाकारत नाही.

सुईनियांग दाराच्या फटीशी बसते. परवा तिने विचारले, "आज काय शिजलं?" मी म्हणालो, "बाजरीची पेज." प्रत्यक्षात आम्ही कमरेचे चामडी पट्टे उकळले होते. ती हसली. म्हणाली, "खोटं बोलणं कधी जमलं नाही तुम्हाला." कालपासून ती फक्त नखाने लाकूड खरवडते.

महोदय, काल मी तीन वेळा अडसराला हात घातला. तिसऱ्या वेळी तो वीतभर सरकला होता. पहारेकऱ्यांना वाटले, मी वंगण लावतो आहे. दार उघडले तर शत्रू आत येईल आणि आठ हजार माणसे मरतील, हे मला कळते. कळत असूनही हात सरकला. चौथ्या वेळी काय होईल, याची हमी मी देऊ शकत नाही.

तरी माझ्या जागी फांग चोंगली यास नेमावे. त्याचा मुलगा वेढ्याच्या पहिल्याच आठवड्यात शत्रूच्या बाणाने गेला. तो दार उघडणार नाही. आणि तीच टोपली एकदा पूर्व तटावर आणून मला खाली सोडावे. वर ओढण्याची गरज नाही. मी उतरलो की दोर कापावा, म्हणजे कोणी लोंबकळणार नाही.

माझ्या वाट्याचे धान्य आजपासून वाचेल, ही बाबही विचारात घ्यावी.

आजवर आपला आज्ञाधारक,
तान यीशेंग
बाराव्या महिन्याचा नववा दिवस, दुपार

सोबत: पूर्व दरवाज्याच्या अडसराला आज घातलेल्या कुलपाची किल्ली, एक. निर्णय होईपर्यंत परत पाठवू नये.