डिसेंबरात जाऊ

प्रिय नोएमी,

इथे आमच्या दवाखान्यात आता स्पॅनिश दुभाषी बाई बसतात. दारावर पाटी लागलीय: घरच्यांनी दुभाष्याचं काम करू नये.

मार्चमध्ये पाटी नव्हती. डॉक्टर बोलायचे आणि मी आईला सांगायचे. ते म्हणाले, "यांचा हा उन्हाळा निघणार नाही. होंडुरासला जायचं असेल तर आत्ताच न्या."

आईने विचारलं, "एवढं लांबलचक काय बोलला गं?"

"सूप पी म्हणतात. आराम कर म्हणतात."

"एवढ्यासाठी डॉक्टर झाला का मेला?" ती हसली. "बरं, मग डिसेंबरातच घरी जाऊ. नोएमीला एकटीला नाताळचे मक्याचे नाकातामाल केळीच्या पानांत बांधता येत नाहीत. सगळे सुटतात."

आई जुलैत इथेच गेली. तू फोनवर विचारलंस, "डॉक्टर काहीच बोलले नव्हते का गं ताई?" मी नाही म्हटलं.

आज माझी तपासणी होती. मला गरज नव्हती, तरी मी दुभाषी मागितली. दुभाषी बाईंनी डॉक्टरांचा शब्दन् शब्द सांगितला, चेहरा न हलवता. त्या मला ओळखतही नाहीत.

आईला तसंच कुणीतरी हवं होतं.

तुझी ताई,
यादिरा