गळ टाकायची नोकरी

सोमवार, ३ तारीख
नोकरी लागली! आणि कसली, तर लोकांना फसवायची. वर पगार! ताईच्याच ऑफिसात, औषधांच्या गोदामात. खंडणीवाल्या व्हायरसची मालकांनी धास्ती घेतलीये. कुणी भलताच मेल उघडला की सगळ्या फायलींना कुलूप, पैसे मोजा तेव्हा किल्ली. म्हणून मी आधीच खोटे मेल टाकायचे आणि उघडेल त्याची जिरवायची. ताईने मालकांना सांगितलं, आमच्या या कार्ट्याइतका लायक माणूस तुम्हाला शोधून सापडायचा नाही. बाबा फोनवर म्हणाले, चला, तुझ्या वात्रटपणाचं एकदाचं चीज झालं.

गुरुवार, ६
लॉटरी, पार्सल, बँक, सगळं शिळं झालं. माणसाला काय हवंय ते हेरायचं आणि तेच पाठवायचं. हिशेबाच्या काकूंचा मुलगा परदेशात, कित्येक महिने फोन नाही. त्याच्या नावाने लिहिलं, 'आई, तुझ्याशी बोलायचंय.' काकूंनी हातातला कपसुद्धा खाली ठेवला नाही, उघडला! मालक पोट धरून हसले. काकूंच्या गळ्यात आठवडाभर पाटी, 'मी फसले'. बाथरूममध्ये रडत होत्या म्हणे. ताईने मला झापलं, जरा तरी लाज बाळग म्हणाली. पण काम फत्ते. आता सगळे असे टरकलेत की पगाराची स्लिपसुद्धा उघडत नाहीत.

मंगळवार, ११
काकूंना मुलाचा परत मेल आला. मी नाही पाठवला. आईशप्पथ. त्यांनी उघडला आणि तशाच बसून राहिल्या. डोळे उघडे, हात माऊसवर. हाका मारल्या, हलवलं, चिमटा काढला. काही नाही. डॉक्टर म्हणाले, नाडी ठीक आहे, बाकी काही कळत नाही. फायली सगळ्या धडधाकट. कुलूप काकूंनाच लागलंय. पाटी अजून गळ्यातच आहे.
मेल माझ्या खात्यातून गेलाय.

बुधवार, १२
ताईला बजावलं होतं, काही उघडू नकोस.
तिने उघडला. माझ्या नावाचा. 'ताई, अडकलोय गं.' मी शेजारच्याच खोलीत होतो —
आता माझ्या स्क्रीनवर एकच ओळ. एक दे, एक सोडतो. आमिष तूच लिही, तुझा हात चांगला आहे.

गुरुवार, १३
मालकांना पाठवला. ड्रायव्हरला. पॅकिंगवाल्याला. कुणी उघडेना! वॉचमनने तर हसून मोबाईलच दाखवला, म्हणाला, आता आम्ही शहाणे झालो, मास्तर. मीच शिकवलंय यांना.
ताईला पाणी पाजलं. ओठांवरून ओघळलं. डोळ्यावर माशी बसली, पापणी हलली नाही.
माझा मेल डोळे झाकून उघडेल असा एकच माणूस —

शुक्रवार
'बाबा, पहिला पगार झाला, हे बघा.'
लगेच उघडला. लगेच —
ताईने पाणी मागितलं. घटाघटा प्यायली. मग म्हणाली, बाबा काळजीत असतील, फोन लाव.
लावला. नुसताच वाजतोय —

संध्याकाळी
बाबांचा मेल आलाय. बाबांना टाइप करता येत नाही.
'रागावलो नाही रे. ये, बोल.'
कळतंय मला. मी लिहिला असता तर अस्साच. नाही उघडणार. ताई हात ओढतेय, ओरडतेय, नको म्हणून —
पण खरंच रागावले नसतील तर —
फक्त एक